फुगलेले डोळे : दोन शेततळी आणि तीन टाक्यांच्या नोंदी

२ मार्च

आज माशांचं बीज आलं. गिफ्ट जातीची चिलापी, एकलिंगी नर, सरासरी ४ ग्रॅमची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), ४,५०० नग. पुस्तकात टिलापिया लिहितात, पण भिगवणच्या मासळी बाजारापासून आमच्या वस्तीपर्यंत सगळे चिलापीच म्हणतात, म्हणून वहीतही तेच. पिशव्या अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग टाकीचं पाणी थोडं थोडं आत घेत बीज सोडलं. मेलेली ११.

मांडणी एकदाच लिहून ठेवते. ३० बाय ३० मीटरची दोन शेततळी, तीन मीटर खोल, प्लास्टिकचा कागद अंथरलेली. तळं १ मध्ये गेल्या वर्षीची चिलापी, अंदाजे २,८०० नग, आता सरासरी १८० ग्रॅम. तळं २ मध्ये कटला, रोहू, मृगळ. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन आलं की पाणी आधी याच तळ्यात घेतो. शेजारी ताडपत्रीच्या तीन गोल टाक्या, ४ मीटर व्यासाच्या, मीटरभर पाणी. टाकी १ आणि २ बोअरवर. टाकी ३ पर्यंत बोअरचा पाइप पुरला नाही, म्हणून ती तळं २ च्या पाण्यावर, कापडातून गाळून. मे संपता संपता तळं १ चा मोठा माल विकायचा आणि टाक्यांतलं बीज तिथे सोडायचं, असा गटाचा बेत आहे.

९ मार्च

सकाळचं खाद्य टाकताना टाकी १ मध्ये एक बोटुकली वेगळी दिसली. डोकं नेहमीपेक्षा रुंद वाटलं. ओंजळीत घेतली तर दोन्ही डोळे खोबणीच्या बाहेर आलेले, वरून पाहिलं तर बाजूंना दोन मणी चिकटवल्यासारखे. बाकी अंग स्वच्छ, खवले बसलेले, पोट सपाट. परत सोडली तर तिरकी होऊन पृष्ठभागाशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत तशा सहा. टाकी २ मध्ये दोन.

१० मार्च

आबा सकाळीच तालुक्याला जाऊन आले. तिथल्या एका खाद्यविक्रेत्याने फोटो पाहून लगेच एक बाटली दिली, प्रतिजैविकाची, खाद्यात कालवायची. बाटलीवर कुठल्या रोगासाठी, किती दिवस, विक्रीच्या आधी किती दिवस बंद करायचं, काहीच नाही. मी म्हटलं, आबा, आजचा दिवस द्या. आबांचं म्हणणं, "दिवस दिला आन् सगळी टाकी गेली तर?" बरोबर आहे त्यांचं. दीड महिना गट वर्गणी काढत होता या बिजासाठी. तरी बाटली कपाटात ठेवली.

डोळे फुगणं हा रोग नव्हे, हे कॉलेजात चार वर्षं ऐकलं होतं. आज स्वतःला पुन्हा सांगितलं. बुबुळामागे काहीतरी साठतं म्हणून डोळा बाहेर ढकलला जातो. ते काहीतरी म्हणजे पाणी असेल, पू असेल, रक्त असेल नाहीतर हवा. पाणी साठलं तर मूत्रपिंड बघायचं, पू असेल तर जिवाणू, रक्त असेल तर मार, हवा असेल तर पाणी. चौघांचे उपाय चार.

म्हणून दिवसभर मोजणी केली. प्रत्येक टाकीतून झेल्याने १०० नग काढले, पांढऱ्या घमेल्यात ठेवून एकेक पाहिला.

टाकी १ : दोन्ही डोळे फुगलेले १७, एकच डोळा ३.
टाकी २ : दोन्ही ९, एक २.
टाकी ३ : एकही नाही.

बीज एकाच गाडीतून आलेलं, खाद्य एकाच पोत्यातलं, दाटी सारखी. फरक फक्त पाण्याचा. पाइप पुरला नाही त्या दिवशी मी चरफडले होते, आज त्याच टाकीने वाट दाखवली.

१० मार्च, रात्री

पाणी तपासलं. सामू ७.९, अमोनिया नगण्य. बोअरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ३.८ मिलिग्रॅम, म्हणजे उलट कमीच. हवा जास्त झाली असेल ही शंका त्या आकड्याने जवळजवळ पुसून टाकली होती. मग लक्षात आलं की मीटर फक्त प्राणवायू मोजतो. हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन असतो आणि तो मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

आता झोपते. आठवडाभर थ्री फेज लाईट रात्रीची आहे, बोअर साडेबाराला सुरू होईल. तेव्हा उठायचं.

११ मार्च

रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन बोअरपाशी बसले. पहिला पाऊण तास पाणी एकसंध आलं. मग पाइप खोकल्यासारखा आवाज करायला लागला, धक्के बसायला लागले. मोटर हवा घेत होती. बोअरची पातळी खाली गेली आहे, पंप पाणी आणि हवा मिळून ओढतो. तिथून टाक्यांपर्यंत दोनशे फूट बंद पाइप, चढाचा. त्या दाबाखाली हवा पाण्यात जास्तीची विरघळते. पाइपचं तोंड मी टाकीच्या तळाशी बुडवून ठेवलं होतं, पाणी उसळून पिल्लं भेदरू नयेत म्हणून. त्यामुळे विरघळलेल्या हवेला बाहेर पडायला वावच उरला नाही.

पाइपचं तोंड वर काढून काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. पेला दुधाळ झाला, ताकाच्या निवळीसारखा. मिनिटभरात खालून वर निवळत गेला आणि काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले. तळं २ च्या पाण्याचा पेला शेजारी ठेवला, तो जसाच्या तसा स्वच्छ.

सकाळी आठ वाजता टाकी १ मधली फुगल्या डोळ्यांची एक बोटुकली भिंगाखाली घेतली. शेपटीच्या पंखात, म्हणजे परात, काट्यांच्या मधल्या पातळ पडद्यात, रांगेने बुडबुडे. बाजरीच्या दाण्याच्याही निम्मे, पण चकाकणारे. बोट हलकेच फिरवलं तर पडद्याखाली सरकले. डोळ्याच्या कडेला, पारदर्शक भागाच्या आत, एक मोठा बुडबुडा अर्धचंद्रासारखा बसलेला. कल्ल्याचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर रक्तवाहिन्यांत काळ्या कडेचे मणी अडकलेले. रक्ताच्या जागी वायू.

आबांना बोलावून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "ही तर सोड्याच्या बाटलीसारखी गत झाली," म्हणाले. अगदी तीच. दाबाखाली भरलेला वायू दाब सुटला की बाहेर यायला बघतो, आणि इथे तो माशाच्या अंगातच सुटतो. डोळा आधी का फुगतो, तर बहुतेक हाडांच्या माशांत डोळ्याच्या पडद्यामागे बारीक रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं असतं, पडद्याला भरपूर प्राणवायू मिळावा म्हणून. रक्तातला वायू तिथे साठायला जागा आयती सापडते.

पाण्यात वायूंचा एकूण दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला की बहुतेक माशांना धोका असतो, पिल्लांना त्याच्या आधीच. खोल पाण्यात मासा खाली जाऊन वाचतो, कारण मीटरभर खोलीमागे साधारण दहा टक्के सुटका मिळते. आमच्या टाकीची खोलीच मीटरभर. पिल्लांनी जायचं कुठे?

बाटली कपाटातून काढून आबांनी स्वतःच परत नेली. विक्रेत्याने घेतली नाही. ती आता पुरायची आहे, ओढ्यात ओतायची नाही.

१२ मार्च

दिवसभराचं काम. पाइपचं तोंड टाकीच्या काठापासून चार फूट वर नेलं. खाली भाजीचे चार क्रेट एकावर एक, त्यांत जुन्या पीव्हीसी पाइपचे वीत-वीत तुकडे भरले. पाणी त्यांवरून फुटत, थेंब थेंब होत टाकीत पडतं. जास्तीची हवा निघून जाते आणि कमी असलेला प्राणवायू आपोआप भरून निघतो. बोअरचा व्हॉल्व्ह अर्धा दाबला, टायमर लावून दर वीस मिनिटांनी मोटर बंद ठेवली, म्हणजे पातळी तुटणार नाही.

रात्री पेला पुन्हा भरून पाहिला. स्वच्छ. काचेला एकही बुडबुडा नाही.

१६ मार्च

टाकी १ : दोन्ही ८, एक ४. टाकी २ : दोन्ही ३, एक २. परांतले बुडबुडे गेलेत.

२३ मार्च

टाकी १ : दोन्ही २, एक ५. या पाचांचे डोळे आत बसलेत पण बुबुळावर पांढरट पडदा राहिलाय. तो आता जाणार नाही असं वाटतं. दोन आठवड्यांत तिन्ही टाक्यांत मिळून ९४ मेली, त्यातली ८१ टाकी १ ची.

तात्यांची नात परवा विचारत होती, तिच्या काचेच्या टाकीतल्या काळ्या गोल्डफिशचे डोळेही असेच बाहेर आहेत, तो आजारी का. नाही. ब्लॅक मूर जातीचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तसे केलेले असतात. कोकणातल्या निवटी माशाचे डोळेही डोक्यावर उभे असतात, चिखलावर बसून चौफेर बघायला. ज्याचा डोळा कालपर्यंत आत होता आणि आज बाहेर आहे, त्याची काळजी. तिला सांगितलं, रोज बघत राहा, बदलला तर ये.

६ एप्रिल

तळं १ ची नमुना तपासणी. सरासरी २३५ ग्रॅम. ४० मध्ये तिघांचा एकेक डोळा सुजलेला, लाल, आणि तिन्ही उजवे. बाकी अंग ठणठणीत, खाणं चांगलं. जुन्या नायलॉनच्या गाठीच्या जाळ्याने आपण उजवीकडून ओढतो, त्याच बाजूला मासे दाबले जातात. हा मार आहे. तिघांना छोट्या टपात लिटरला ३ ग्रॅम मिठाच्या पाण्यात ठेवलं. जाळं बदलायचं, बिनगाठीचं आणायचं. यापुढे मोजणीत एक डोळा आणि दोन डोळे नेहमी वेगवेगळे लिहायचे. एकाच बाजूचा सुजला तर बहुतेकदा मार लागलेला असतो. दोन्ही बाजूंचे आले तर अंगातलं किंवा पाण्यातलं काहीतरी.

२१ एप्रिल

दुपारी चारला तळं १ चं वरचं पाणी ३१.५ अंश. पातळी दोन मीटरवर आली. खाद्य १२ किलो, संपवतायत.

३ मे

पाणी ३३ अंश.

सकाळी तळं १ च्या आग्नेय कोपऱ्यात चार मासे काळे पडलेले, कळपापासून वेगळे. त्यातला एक गोल गोल फिरत होता, पोट वर करून, स्वतःच्या शेपटीमागे लागल्यासारखा. मिनिटभर फिरायचा, मग बाणासारखा काठावर आदळायचा. झेल्याने काढला. दोन्ही डोळे बाहेर. पण मार्चमधले ते डोळे नाहीत हे हातात घेताच कळलं. तेव्हा बुबुळ आरशासारखं होतं, आज धुकं आल्यासारखं, गढूळ, आणि कडेने रक्ताची लाल रेघ. कल्ल्याच्या झाकणावर आणि परांच्या मुळाशी लाल ठिपके. पर भिंगाखाली पाहिले, एकही बुडबुडा नाही.

तळ्यावरची गोष्ट, म्हणून शेवाळाने दुपारी प्राणवायू अतोनात वाढवला का तेही पाहिलं. कडक उन्हात हिरव्यागार पाण्यात तेही होऊ शकतं. पण आमचं पाणी तपकिरी आहे, आकडा ७ च्या आसपास. ते कारण नाही. खवले उभे राहिलेत का पाहिलं, जलोदरात डोळ्यांबरोबर खवलेही उठतात. तेही नाही.

गोल फिरणं म्हणजे मेंदू. मला भीती वाटली ती स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची.

४ मे

मेलेले ५. दोन जिवंत पण मरणपंथाला लागलेले काढून फाडले, हातमोजे घालून.

पोटात लालसर पाणी. प्लीहा दुप्पट, गडद. आतडं रिकामं, पित्ताशय गच्च भरलेलं, म्हणजे दोन-तीन दिवस खाल्लेलंच नाही. डोळा खोबणीतून सोडवला तर मागे पिवळट, दह्याच्या कवडीसारखा गोळा. कवटीचं झाकण उचललं, मेंदू मऊ पडलेला आणि वरचं आवरण लालभडक. निरोगी माशाचा मेंदू मी कितीतरी वेळा पाहिलाय, तो मोत्यासारखा पांढरा असतो. हा बघवेना.

मूत्रपिंडाचा आणि मेंदूचा ठसा काचपट्टीवर घेऊन ग्रामची रंगप्रक्रिया केली, जिवाणूचा गट ओळखायला. जांभळे गोल दाणे, जोड्यांनी आणि छोट्या माळांनी. मेंदूच्या ठशात जास्त.

तरी नाव लिहीत नाही. अशा माळा अनेक जिवाणूंच्या असतात. खाद्य मात्र आजपासून निम्मं केलं.

५ मे

गाडीने नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले. मेलेले नव्हे, गोठवलेलेही नव्हे. तीन मरणपंथाला लागलेले आणि दोन वरून निरोगी दिसणारे मासे, पिशवीत बंद करून बर्फावर. सोबत कागद: पाण्याचं तापमान, माशाचं वजन, मरतुकीचे रोजचे आकडे, गेल्या दोन महिन्यांतले बदल. मार्चची हकीगतही लिहिली, नाहीतर कुणी दोन्ही गोष्टी एकत्र करेल. टिलापिया लेक विषाणूचीही चाचणी मागितली. इस्रायलमधून २०१४ मध्ये त्याचं पहिलं वर्णन आलं, भारतात २०१८ मध्ये नोंद झाली, आणि त्यातही डोळे धुरकट होतात. पुढे ते आक्रसतात. लक्षणं एवढी जवळची असताना अंदाजावर राहायचं नाही. ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या सरकारी ॲपवरही फोटो आणि ठिकाण टाकलं. २०२३ पासून ही सोय आहे, आमच्या गटात कुणाला माहीत नव्हती. सगळ्यांच्या फोनवर घालून दिलं.

मेलेले ९.

६ मे

आज घरात मोठा वाद.

आबांचं म्हणणं, सगळा माल काढून उद्याच भिगवणला लिलावात न्यावा. २७० ग्रॅमचा झालाय, भाव बरा आहे, थांबलो तर हातचं जाईल. मी म्हटलं, आजारी मासा विकायचा नाही. ते म्हणाले, "आजारी वेगळा काढू. पर एक सांग, बाजारात डोळा आत गेलेला मासा कुणी घेतं का? डोळा वर हाय म्हंजे माल ताजा."

या वाक्यावर मी थांबले. कारण ते खरं आहे. आजी मला लहानपणी तेच शिकवायची, मासा घेताना आधी डोळा बघ. ताज्या माशाचा डोळा भरलेला, फुगीर असतो, शिळ्याचा खोल जातो आणि पांढुरका होतो. म्हणजे तळ्यावर जी खूण आजाराची, तीच टोपलीत ताजेपणाची वाटेल. आमचा रोगट मासा गिऱ्हाइकाने निवडून घेतला असता.

मग दोन मासे शेजारी ठेवून आबांना दाखवले. एक तळं २ मधून आत्ताच काढलेला रोहू, एक हा. रोहूचा डोळा घुमटासारखा पण खोबणीच्या कडेशी मिळालेला, पारदर्शक, आत काळीभोर बाहुली. चिलापीचा डोळा कडेपासून सुटून वर आलेला, मागे फुगवट्याची कड, बाहुली धुक्यात. अंगठ्याने हलकेच दाबलं तर रोहूचा लवचीक, हिचा ताठ. आबांनी दोन्ही दाबून पाहिले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी तात्यांना फोन करून गाडी रद्द केली.

९ मे

प्रयोगशाळेतून फोन. रक्त घातलेल्या माध्यमावर मेंदूतून आणि मूत्रपिंडातून एकाच जातीच्या वसाहती, प्राथमिक ओळख स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टी. विषाणूची चाचणी नकारात्मक. निरोगी दिसणाऱ्या दोघांपैकी एकातही तोच जिवाणू. म्हणजे वेगळे काढून विकले असते तरी...

मेलेले आज १९.

उष्ण पाण्यात हा जिवाणू जोर धरतो. चिलापीला ३० च्या वरचं पाणी सोसतं, पण दाटी, कमी पातळी, भरपूर खाद्य आणि ऊन एकत्र आलं की तिची ताकद कमी पडते. तो रक्तातून मेंदूत आणि डोळ्यात जातो. म्हणून फिरणं आणि डोळा ही दोन लक्षणं हातात हात घालून येतात. मेलेला मासा बाकीच्यांनी टोचला की त्यांनाही लागण. म्हणून पहिलं औषध झेला आहे. पहाटे पाच, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, तिन्ही वेळा काठ फिरून मेलेलं आणि फिरणारं काढायचं. खड्डा तळ्यापासून लांब, प्रत्येक थरावर चुना. कुत्र्यांना नाही, घारींना नाही.

१० ते १४ मे

मेलेले : २२, २२, १८, २०, १३.

खाद्य बंदच केलं. आबांना हे सर्वांत जड गेलं, उपाशी जनावर बघवत नाही म्हणतात. पण भरल्या पोटी मासा जास्त प्राणवायू ओढतो, पाणी जास्त घाण होतं, आणि तोंडातून लागणही वाढते. तळ्यावर ऊसबांधणीच्या बांबूंवर हिरवी जाळी ताणली, निम्म्या भागावर सावली. पाण्यात हवा खेळवणारा एअरेटर रात्रभर. १२ तारखेला आवर्तन आलं, तळं २ मध्ये घेऊन एक दिवस निवळू दिलं, मग तळं १ मध्ये सोडलं. पातळी दोनवरून अडीच मीटर, तापमान ३३ वरून ३०.५. तळं १ चं पाणी मात्र कुठेही सोडलं नाही. झेला, घमेलं, बूट, सगळं तळं १ चं वेगळं; हँडलला लाल चिंधी बांधली.

१५ मे

आबांना बोटात पराचा काटा घुसला, हातमोजे न घालता मेलेला मासा उचलताना. ताबडतोब साबणाने धुतलं, गावच्या दवाखान्यात पाठवलं आणि डॉक्टरांना जिवाणूचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ते माझ्यावर चिडले, एवढ्याशा काट्याला काय म्हणून.

काही नसेलही. पण याच कुळातला स्ट्रेप्टोकॉकस इनिए १९९५-९६ च्या हिवाळ्यात कॅनडात टोरांटोकडे जिवंत मासे साफ करणाऱ्यांना हातांच्या जखमांतून लागला होता, बहुतेकांच्या हातात चिलापीच होती. आमच्या तळ्यातल्या ॲगॅलॅक्टीचा एक प्रकार २०१५ मध्ये सिंगापूरला कच्चा गोड्या पाण्यातला मासा खाल्ल्याने माणसांत पसरला, आणि तिथे कच्च्या पदार्थांत गोड्या पाण्यातले मासे वापरायला बंदी आली. आमच्याकडे कुणी कच्चा खात नाही, नीट शिजवला की हा जिवाणू मरतो. साफ करणाऱ्या बाईच्या हाताला मात्र ओरखडे असतातच. विकायचा नाही यामागे माझं मुख्य कारण तेच होतं, त्या दिवशी वादात नीट सांगता आलं नाही. आज सांगितलं.

आजपासून मोज्यांशिवाय तळं १ ला कुणीही हात लावणार नाही.

१९ मे

मेलेले ७. आबांचं बोट बरं आहे, सूज नाही.

लेखी अहवाल आला, सोबत कुठलं प्रतिजैविक चालतं त्याची यादी. पशुवैद्यकांशी बोलले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या : मरतूक चढते आहे की उतरते आहे, आणि आजारी मासे खातात का. उतरते आहे. खात नाहीत. औषध खाद्यातूनच द्यायचं, म्हणजे ते पोचेल खाणाऱ्यांना, ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी. त्यांचा सल्ला, पुन्हा चढली तर मोजून, दहा दिवस, त्यांच्या चिठ्ठीवर; आत्ता नाही. पटलं.

२२ मे

मेलेले ३. खाद्य २ किलोने सुरू केलं. तीन मिनिटांत संपलं.

७ जून

रात्री पहिला मोठा पाऊस. सकाळी पाणी २८. पाच दिवसांत एकही मेलेला नाही.

तळं १ मधून ६० नग काढून पाहिले. दोन्ही डोळे फुगलेले : ०. एक डोळा पांढरा, बसलेला : ७. यांना एका बाजूने दिसत नाही, खाद्य त्या बाजूला पडलं तर वळायला उशीर करतात. एकूण मरतूक २६३, शंभरात नऊ-दहा. जगलेल्यांतल्या काहींत जिवाणू असणारच, ते वाहक म्हणून राहतात.

म्हणून बेत बदलला. टाक्यांतलं बीज तळं १ मध्ये सोडायचं नाही. मार्चमध्ये हवेने ज्यांचे डोळे गेले त्यांना आता हा दुसरा घाला नको. तळं २ चा कटला-रोहूचा माल आधी विकायचा आणि बीज तिथे. तळं १ चा माल पुन्हा तपासून, अहवाल स्वच्छ आला तरच बाजारात. मग तळं पूर्ण रिकामं, कागद घासून, ब्लीचिंग पावडर मारून उघडा ठेवायचा. त्याला कडक ऊन लागतं आणि आता पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत ते तळं रिकामं राहील. गटाला एक हंगाम बुडाला. तात्यांनी बैठकीत विचारलं, दुसरा मार्ग नाही का. मी नाही म्हटलं. त्यांनी सही केली.

२० जून

तळं २ रिकामं झालं, कटला सव्वा किलोचा निघाला, भाव चांगला मिळाला. भिगवणला आबा स्वतः गेले होते. आल्यावर म्हणाले, लिलावात शेजारच्या टोपलीतली चिलापी त्यांनी उचलून डोळा दाबून पाहिला, ताठ लागला, मालकाला बाजूला घेऊन आमच्या तळ्याची सगळी हकीगत सांगितली. त्याच्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यात आठवड्यापासून मासे फिरतायत. माझा नंबर दिलाय.

उद्या सकाळी त्याच्याकडे. न्यायचं : बर्फ, पिशव्या, भिंग, काचेचे दोन पेले, हातमोजे चार जोड्या, लाल चिंधीचा झेला नाही, नवा.